धर्मादाय सेवा व धर्मस्वातंत्र्य

धर्मश्रद्धेच्या प्रेरणेने चालणारी अन्नछत्रे, धर्मशाळा, रुग्णालये, वसतिगृहे, अनाथालये इ. संस्थांमार्फत गरजूंना मिळणाऱ्या साहाय्यास सामान्यतः धर्मादाय सेवा म्हणतात. अशा सेवेत दोन स्वातंत्र्यांचा संबंध येतो : आपल्या श्रद्धेनुसार कार्य करण्याचे संस्थेचे स्वातंत्र्य आणि स्वतःची श्रद्धा अबाधित राखून साहाय्य मिळविण्याचे लाभार्थ्याचे स्वातंत्र्य. या दोहोंचा मेळ कसा घालावयाचा, हा या विषयातील मध्यवर्ती प्रश्न होय. मराठवाड्यातील नांदेडचे लंगर व लातूर परिसरातील भूकंपानंतरचे पुनर्वसन या उदाहरणांवरून त्याच्या दोन भिन्न बाजू स्पष्ट होतात.

नांदेडचे लंगर : शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंग यांचे १७०८ मध्ये नांदेड येथे निधन झाले. त्या स्थानी महाराजा रणजितसिंग यांच्या आश्रयाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेला सचखंड श्री हुजूर अबचलनगर साहिब हा गुरुद्वारा शिखांच्या पाच तख्तांपैकी एक आहे. त्याच्या व्यवस्थेसाठी १९५६ मध्ये स्वतंत्र अधिनियम करण्यात आला. येथील लंगरात सर्व धर्मांच्या व जातींच्या लोकांना एकाच पंगतीत जमिनीवर बसवून विनामूल्य जेवण दिले जाते. गुरू नानकांपासून सुरू झालेल्या या प्रथेस तिसरे गुरू अमरदास यांनी अधिक दृढ रूप दिले. भेटीस येणाऱ्याने प्रथम पंगतीत बसावे, असा त्यांचा दंडक होता, असे परंपरा सांगते.

गुरुद्वाराच्या परिसरात डोके झाकणे, पादत्राणे बाहेर ठेवणे व तंबाखू न बाळगणे हे नियम पाळावे लागतात. मात्र ते स्थळाच्या मर्यादेचे नियम असून श्रद्धेची कसोटी नव्हेत. जेवणाऱ्यास धर्म विचारला जात नाही किंवा कीर्तनास बसण्याची अटही घातली जात नाही. येथे धर्म हा सेवा करणाऱ्यावरील कर्तव्याचा उगम आहे. सेवा घेणाऱ्यावरील अट नाही.

लातूरचा भूकंप : लंगरातील संबंध एका जेवणापुरता असतो. लाभार्थी दीर्घकाळ संस्थेवर अवलंबून असेल, तर प्रश्न अधिक नाजूक होतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे ८,००० माणसे मृत्युमुखी पडली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. या कार्यात शासनाबरोबर अनेक स्वयंसेवी व धार्मिक संस्थांनी भाग घेतला. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुलांना पुण्यास नेऊन त्यांच्या निवासाची व शिक्षणाची सोय केली. एका समाजाच्या नावाने उभी राहिलेली संघटना त्या समाजाबाहेरच्या मुलांचे पालकत्व घेऊ शकते, हे यातून दिसले.

तथापि अशा प्रत्येक निवासी संस्थेपुढे एक प्रश्न उभा राहतो. प्रौढ मनुष्य पंगतीतून उठून जाऊ शकतो. आधार गमावलेल्या मुलास तसे करता येत नाही. आहार, प्रार्थना व सण यांची संस्थेतील रीत त्याच्या अंगवळणी पडते आणि त्याची संमती व त्याची निरुपायता यांतील सीमारेषा पुसट होते.

हा प्रश्न महाराष्ट्रास नवा नाही. पंडिता रमाबाई यांनी १८८९ मध्ये मुंबईत स्थापन केलेले व पुढे पुण्यास हलविलेले शारदा सदन हे प्रामुख्याने उच्चवर्णीय हिंदू विधवांसाठी होते. तेथे धर्मशिक्षण दिले जाणार नाही, असे ठरले होते. काही मुली रमाबाईंच्या ख्रिस्ती प्रार्थनेस उपस्थित राहू लागल्या, तेव्हा वाद निर्माण झाला. मुली स्वेच्छेने येतात, असे रमाबाईंचे म्हणणे होते. आश्रित मुलींच्या स्वेच्छेबद्दल टीकाकारांना शंका होती. न्यायमूर्ती रानडे, रा. गो. भांडारकर प्रभृतींनी १८९३ मध्ये संस्थेशी असलेला संबंध तोडला.

विधिविषयक तरतुदी : भारतीय संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाने व्यक्तीस धर्मस्वातंत्र्य, तर २६ व्या अनुच्छेदाने धर्मसंप्रदायांस धार्मिक व धर्मादाय संस्था स्थापण्याचा हक्क दिला आहे. शासनमान्य अथवा शासकीय अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत संमतीवाचून कोणासही धर्मशिक्षणात वा उपासनेत सहभागी करता येत नाही (अनुच्छेद २८). विद्यार्थी अज्ञान असल्यास पालकाची संमती लागते. रुग्णालये व अनाथालये यांचा या अनुच्छेदात उल्लेख नाही. अस्पृश्यतेच्या कारणावरून रुग्णालय, वसतिगृह वा धर्मशाळेत प्रवेश नाकारणे मात्र १९५५ च्या अधिनियमाने दंडनीय ठरविले असून १९७६ मध्ये त्यास नागरी हक्क संरक्षण अधिनियम हे नाव मिळाले. प्रलोभनाने होणाऱ्या धर्मांतरास प्रतिबंध करणारे मध्य प्रदेश व ओरिसा या राज्यांचे कायदे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये वैध ठरविले. धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क अंतर्भूत नाही, असे त्या निर्णयात म्हटले आहे.

मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० हा पुढे मराठवाड्यासही लागू झाला. या अधिनियमात १९८५ मध्ये घातलेल्या कलमानुसार शासकीय साहाय्य लाभलेल्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवावयाच्या असतात. येथे पात्रतेची कसोटी रुग्णाची आर्थिक स्थिती ही आहे, त्याचा धर्म नव्हे.

आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस चळवळीने व साहाय्यसंस्थांनी १९९४ मध्ये सिद्ध केलेल्या आचारसंहितेतही हेच तत्त्व आहे : साहाय्य केवळ गरजेनुसार द्यावे आणि विशिष्ट धार्मिक वा राजकीय मताच्या प्रसारासाठी त्याचा उपयोग करू नये. संस्थेने आपली श्रद्धा लपवावी, असा याचा अर्थ नाही. नकार देऊनही साहाय्य तितकेच मिळेल, याची लाभार्थ्यास खात्री असणे, हा त्याच्या धर्मस्वातंत्र्याचा खरा आधार होय. लाभार्थी जितका अधिक परावलंबी, तितकी ही खात्री देण्याची संस्थेची जबाबदारी अधिक ठरते.