सरकारने मागितले, म्हणून 'परम' घडला

सरकारी कचेरीत नवे तंत्रज्ञान जन्माला येत नाही, हे आपण जवळजवळ गृहीतच धरतो. टेलिफोनसाठी वर्षानुवर्षे वाट पाहिलेल्या पिढीला ते पटणे स्वाभाविकही आहे. पुण्याच्या 'सी-डॅक' या सरकारी संगणन संशोधन संस्थेचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. १९८०च्या दशकात अमेरिकेने हवामानाच्या अंदाजासाठी भारताला 'क्रे' महासंगणक दिला. पण त्याहून शक्तिशाली यंत्र अण्वस्त्रांच्या कामी येईल, या भीतीने ते नाकारले. तेव्हा, १९८८मध्ये, केंद्र सरकारने सी-डॅक स्थापन केली, संगणकतज्ज्ञ विजय भटकर यांच्याकडे धुरा सोपवली आणि देशी महासंगणकासाठी तीन वर्षांची मुदत दिली. १९९१मध्ये 'परम ८०००' तयार झाला. अतिवेगवान असा एकच प्रोसेसर बनवण्याच्या मागे न लागता 'ट्रान्सप्युटर' नावाच्या अनेक चिप्समध्ये गणित वाटून द्यायचे, ही त्याची रचना. प्रत्येक चिपला शेजारच्या चिप्सशी बोलण्यासाठी चार जोडण्या होत्या. काम कसे तोडायचे आणि उत्तरे कशी जुळवायची, यात खरे कसब होते, आणि ते इथे कमावले गेले.

चिप्स तर परदेशीच होत्या, असा आक्षेप घेतला जातो. तो खरा आहे. पण त्या बनवणारी 'इनमॉस' ही कंपनीही १९७८मध्ये ब्रिटिश सरकारच्या पैशातूनच उभी राहिली होती. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. २००३मध्ये सी-डॅकचा 'परम पद्म' महासंगणकांच्या जागतिक यादीत १७१वा होता, तर २००७मध्ये पुण्यातच टाटांनी उभारलेला 'एका' थेट चौथा आला. खासगी उद्योग काय करू शकतो, हे त्यातून दिसले, यात शंका नाही. मात्र १९८८मध्ये असे यंत्र बनवून घेणारे गिऱ्हाईक देशाच्या बाजारात नव्हते. संगणकावर भारतीय लिप्या आणण्याचेही तसेच. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि पुढे सी-डॅकने वाढवलेले 'जिस्ट' तंत्रज्ञान घ्या, किंवा डावीकडे स्वर व उजवीकडे व्यंजने ठेवणारा 'इनस्क्रिप्ट' कळफलक घ्या. त्यात 'क'ची कळ देवनागरीत, बंगालीत आणि तमिळमध्ये एकच असते. नफ्याची वाट पाहत बसलो असतो, तर प्रत्येक लिपीची तऱ्हा वेगळी झाली असती.

म्हणून सरकारची चूक शोधायची असेल, तर ती सुरुवातीत कमी आणि सातत्यात जास्त सापडते. मोहालीचा सरकारी चिप कारखाना १९८९मध्ये आगीत जळाला आणि तो सावरण्यात कित्येक मोलाची वर्षे गेली. महासंगणकांसाठी ४,५०० कोटी रुपयांचे राष्ट्रीय अभियान मंजूर व्हायला २०१५ उजाडले. संशोधन हे एका घोषणेचे काम नव्हे. पहिले यंत्र चालल्यावर दुसऱ्याची मागणी आली नाही, की कमावलेले कसब आणि माणसे दोन्ही पांगतात. सरकारने नेमकी गरज सांगावी, मुदत घालावी, काम जाणकारांवर सोपवावे आणि तयार झालेला माल स्वतः विकत घेत राहावे. पहिल्या तीन गोष्टी आपल्याला जमतात, हे 'परम'ने सिद्ध केले आहे. चौथीबद्दल सरकारला जाब विचारणे आता आपले काम आहे.