वकिलाचे दप्तर

रेवदंड्याच्या दोन भावांत वाडीच्या हद्दीवरून तंटा झाला, असे समजा. थोरला म्हणतो, सुपारीची ही ओळ माझी. धाकटा म्हणतो, माझी. बोलाचाली वाढली. थोरला एस. टी. धरून अलिबागला वकिलाकडे गेला. वकील करतो तरी काय? आपण पाहू.

कोर्टाच्या गावी वकिलांची जुनी दप्तरे असतात. लहानशी खोली, एक कारकून, कपाटात फडक्यात बांधलेले कागद. आज्याने सुरू केलेले काम पुढे नातू चालवतो. असे दप्तर इतकी वर्षे कशावर टिकते? लोकांच्या विश्वासावर.

वकिलाला काम देणाऱ्याला अशील म्हणतात. अशिलाने विश्वासाने सांगितलेले वकिलाने बाहेर फोडायचे नाही, असा कायदाच आहे. मात्र गुन्हा करायला सल्ला मागितला, तर हा नियम लागू नाही. एका तंट्यात दोन्ही बाजूंचे काम घ्यायचे नाही. धाकटा त्याच दारी गेला, तर वकील म्हणेल, "बाबा, तू दुसरा वकील बघ." आणि बाजू लंगडी असेल, तर चांगला वकील तसे तोंडावर सांगतो.

पण बाजू खरी असेल, तर नेटाने लढावे लागते. आपल्याच जिल्ह्यातल्या महाडची गोष्ट घ्या. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सोबती चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यावर काही सवर्णांनी दावा लावला. अस्पृश्यांनी तळ्याला शिवू नये, असा जुना रिवाज आहे, असे ते म्हणाले. बाबासाहेब स्वतः बॅरिस्टर. या दाव्यात ते प्रतिवादी होते. महाडच्या कोर्टात १९३१ साली, ठाण्याला १९३३ साली आणि मुंबई हायकोर्टात १९३७ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. रिवाज म्हणून सांगणे पुरे नाही, तो पुराव्याने शाबीत करावा लागतो. तो झाला नाही. दहा वर्षे लागली, पण पाणी सर्वांचे ठरले.

पैसे नसले तर? १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग आणि कमी उत्पन्नाची माणसे यांना फुकट वकील मिळू शकतो. जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. लोकअदालतीत समेटही होतो. तिथे कोर्ट फी पडत नाही.

आता त्या थोरल्याचे काय झाले? वकील म्हणाला, "आधी सरकारी मोजणी करून घ्या. मग भावाबरोबर बसून बोला. नाहीच जमले, तर दावा आहेच."

थोरल्यापुढे वकीलपत्र आले. आपल्या वतीने बोलायला वकिलाला दिलेला अधिकार, तो हा कागद. पूर्वी आपण अंगठा उठवून मोकळे होत होतो. आता आपल्याला वाचता येते. कागद पुरता वाचावा, अडले तिथे विचारावे, मगच सही करावी. आणि कोऱ्या कागदावर सही? ती कुणालाच देऊ नये. वकिलालाही नाही, सख्ख्या भावालाही नाही.