काटकोनात न, त्रिकोणात ण

उरणच्या आगरी बोलीत 'पाणी'चं 'पानी' होतं आणि 'गाडी'ची 'गारी'. 'ण'चा 'न' करणारी ही बोली. तरी तीच बोलत मोठा झालेला माणूस फॉर्मवर पत्ता लिहितो तेव्हा 'उरन' नाही, 'उरण'च लिहितो. जिभेवर नसलेला आवाज बोटांत कुठून आला?

भूमितीतला 'काटकोन त्रिकोण' घ्या. शब्द शेजारी-शेजारी, पण पहिल्यात न, दुसऱ्यात ण. ज्याच्या घरी 'ण' बोलला जातो, त्याला हा फरक कानच सांगतो. आगरी बोलणाऱ्या मुलाला मात्र तो पुस्तकात पाहून पाहूनच पाठ होतो.

म्हणून कान बिनकामाचा ठरत नाही. मोठ्याने म्हणा: फूल, फुलाला, तूप, तुपात. ऊकार आपोआप आखडतो ना? मराठी साहित्य महामंडळाच्या ज्या लेखननियमांना १९६२ साली शासनाची मान्यता मिळाली, त्यांतला हा नियम आपण उच्चारातूनच शिकलेले असतो. आता 'गुण' आणि 'विष' म्हणा. कान 'गूण', 'वीष' सुचवेल. पण हे शब्द संस्कृतातून जसेच्या तसे आले, म्हणून ऱ्हस्व. इथे वाचनच तारतं.

कोण किती वाचतं हे मोजायची भन्नाट युक्ती किथ स्टॅनोविच आणि रिचर्ड वेस्ट या संशोधकांनी १९८९मध्ये वापरली. 'किती वाचता?' असं विचारलं की लोक फुगवून सांगतात. म्हणून त्यांनी लेखकांच्या नावांची यादी दिली आणि तीत लेखक नसलेल्यांची नावं मिसळली. ज्यांना खरे लेखक जास्त ओळखता आले, त्यांचं स्पेलिंगही सरस निघालं. आवाज ओळखण्यातलं कौशल्य हिशेबातून वजा केल्यावरही!

याला दुसरी बाजूही आहे. लॅरी जॅकोबी आणि ॲन हॉलिंग्सहेड यांनी १९९०मध्ये दाखवलं, की चुकीचं स्पेलिंग वाचनात आलं की पुढे तो शब्द लिहिताना चुका वाढतात. डोळा चूक-बरोबर निवडत बसत नाही, दिसेल ते ठेवून घेतो. रोज व्हॉट्सॲपवर 'आणी' वाचणाऱ्या मराठीच्या शिक्षकाचं पेनही 'आणि' लिहिताना क्षणभर अडखळू शकतं ते यामुळेच. शाळा सुटून कितीही वर्षं झाली तरी शुद्धलेखनाचा हा तास काही सुटत नाही. आणि चाळिशीत सुधारायचं असेल, तर नियम घोकण्याच्या जोडीला नीट तपासून छापलेलं काहीतरी रोज वाचायला हवं.