शिरूर, दौंड आणि ध्रुवीय निर्देशक

सपाट पृष्ठभागावरील बिंदूचे स्थान निश्चित करण्यास दोन संख्या लागतात. मात्र त्या कोणत्या असाव्यात, याचे स्वातंत्र्य गणित देते. शालेय आलेखात परस्परांना लंब असलेल्या दोन अक्षांपासूनची अंतरे घेतली जातात, तर ध्रुवीय निर्देशक पद्धतीत ‘ध्रुव’ नावाचा एक स्थिर बिंदू आणि त्यातून निघणारा ‘आदिरेषा’ हा किरण ठरवून, बिंदूचे ध्रुवापासूनचे अंतर आणि त्याच्या दिशेने आदिरेषेशी केलेला कोन सांगितला जातो. घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने मोजलेला कोन धन, तर त्याच्या उलट मोजलेला ऋण मानतात.

पुणे रेल्वे स्थानक हा ध्रुव आणि तेथून थेट पूर्वेकडे जाणारा किरण ही आदिरेषा मानल्यास, घोड नदीकाठचे शिरूर सरळ रेषेत सुमारे ६२ किलोमीटर व ३२ अंशांवर, तर भीमाकाठचे दौंड सुमारे ७५ किलोमीटर व उणे ५ अंशांवर येते. शिरूरच्या अंतराला ३२ अंशांच्या कोसाइनने गुणले की ते पुण्याच्या पूर्वेस सुमारे ५३ किलोमीटर, आणि साइनने गुणले की उत्तरेस सुमारे ३३ किलोमीटर असल्याचे कळते. म्हणजे एका पद्धतीतून दुसरीत जाणे अवघड नाही. दोन्ही गावांच्या दिशांमधील कोन ३७ अंशांचा असल्यामुळे, ६२ व ७५ यांच्या वर्गांच्या बेरजेतून या दोन संख्या आणि ३७ अंशांची कोसाइन यांच्या गुणाकाराची दुप्पट वजा करून वर्गमूळ काढले असता, शिरूर ते दौंड हे सरळ अंतर सुमारे ४५ किलोमीटर मिळते. हाच कोसाइन नियम होय.

या पद्धतीचे खरे सामर्थ्य वर्तुळाकार गतीत दिसते. खळ्यातील तिवड्याभोवती फिरणाऱ्या बैलाची वाट अक्षांच्या भाषेत दोन वर्गांच्या बेरजेने मांडावी लागते. ध्रुवीय भाषेत मात्र ‘अंतर स्थिर’ एवढेच म्हणणे पुरते. आर्किमिडीजची सर्पिल वक्ररेषाही, जिच्यात कोनाच्या प्रमाणात अंतर वाढते, अशीच एका ओळीत मावते. अर्थात एक पथ्य पाळावेच लागते: ३२ आणि ३९२ अंश एकच दिशा दाखवतात, आणि खुद्द ध्रुवाला निश्चित कोन नसतो.

न्यूटनने १६७१ च्या सुमारास लिहिलेल्या, परंतु १७३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ही पद्धत आढळते, तर जेकब बर्नुली याने तिच्यावरील लेख १६९१ मध्ये प्रसिद्ध केला. महाराष्ट्रात ती बारावीच्या त्रिकोणमितीत शिकवली जाते. तेथे सूत्रे पाठ करून घेण्यापूर्वी शिक्षकांनी विद्यार्थ्यांपुढे आपल्याच तालुक्याचा नकाशा, पट्टी आणि कोनमापक ठेवावे.