गाडीच्या पडद्यावरचं नाव

सकाळी ७. राजगुरुनगर स्टँडवरून कंपनीची बस. चाकण तसं जवळ, पण तळेगाव चौकात अडकलं की वेळेचा भरवसा नाही.

८.३०. बेंचवर गाडीचा डिस्प्ले. त्यातल्या सॉफ्टवेअरमध्ये बाहेरचं काय काय वापरलंय त्याची यादी तपासायची आणि प्रत्येकाचा परवाना पडद्यावर दिसतो ना ते बघायचं, हे माझं काम. सेटिंग्ज, सिस्टिम, ओपन सोर्स लायसन्स. बोटाने यादी सरकवत ‘कर्ल’पाशी आलो, तर परवान्याची जागा रिकामी.

११. कारण सापडलं: रात्रीच्या बिल्डमध्ये स्क्रिप्टने एक फोल्डर वगळलं होतं. नेटवरून डेटा आणायचा-पाठवायचा तर गाडीतही बऱ्याचदा कर्लच असतं. स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग १९९८ पासून ते फुकट देताहेत. मुख्य अट इतकीच, की ‘कॉपीराइट १९९६ पासून, डॅनियल स्टेनबर्ग आणि अनेक सहभागी’ अशा अर्थाची ओळ आणि परवाना प्रत्येक प्रतीसोबत राहावा. एवढंही आपल्याला पाळता येऊ नये, याचा मला खरंच राग येतो.

१. डबा खाताना टीममधला नवा मुलगा म्हणाला, “सर, ही ओळ वाचतं कोण?”

वाचतात. त्या ओळीत स्टेनबर्ग यांचा ईमेल असतो, म्हणून गाडी बिघडली की लोक थेट त्यांनाच लिहितात! शिवाय वापरणाऱ्याने कळवायचं बंधन नाही. त्यामुळे कोणकोण वापरतं हे कळायला अशा ओळींचाच मोठा आधार. २०२५ मध्ये एका भाषणात त्यांनी कर्ल वापरणारे ४७ कार ब्रँड दाखवले. त्यासाठी पैसे देणारे किती? एकही नाही. मुलगा घास हातात धरून ऐकत राहिला.

४. नवं बिल्ड चढवलं. ओळ आली. फोटो काढून रिपोर्टला जोडला.

५.३०. आता मॅनेजरना मेल. कर्ल वापरणाऱ्यांच्या यादीत आपलं नाव द्यायला परवानगी द्या, आणि वर्षाचा सपोर्ट विकत घ्या. ‘फुकट आहे तर पैसे कशाचे?’ हा पर्चेसचा प्रश्न ठरलेला, म्हणून उत्तर आधीच लिहिलं: ऑक्टोबर २०२३ मध्ये कर्लमधली गंभीर सुरक्षा-त्रुटी समोर आली, तेव्हा स्टेनबर्ग यांनी आधी सगळ्यांना सावध केलं आणि ११ तारखेला दुरुस्त आवृत्ती दिली. ते काम आपल्याकडे कुणाला जमलं असतं?

६.१५. लीगल आणि पर्चेसला सीसी करून मेल पाठवला आणि बस गाठली.