दोन देश, एक राज्य आणि भिंतींना सुटलेलं पाणी

इसवी सन 342 मध्ये यान घराण्याच्या मुरोंग हुआंग याने कोगुर्यो राज्याची राजधानी लुटली. महाल जाळला, हजारो माणसं पकडून नेली, राजमातेलाही सोडलं नाही. जाताजाता राजाच्या वडिलांची समाधी फोडून आतला देहही सोबत नेला. मृत राजाचं नाव मिचेओन. मुलाने नमतं घ्यावं म्हणून बापाचं प्रेत ओलीस ठेवण्याची ही युक्ती चालली. पुढच्याच वर्षी गोगुकवोन राजाने नजराणे पाठवले, दुय्यमपण कबूल केलं आणि वडिलांचं शव सोडवून आणलं. राजमाता मात्र आणखी बरीच वर्षं शत्रूच्या ताब्यात होती. कोगुर्योच्या थडग्यांवरून झालेली ही पहिली मोठी ओढाताण, शेवटची नव्हे.

परंपरेप्रमाणे हे राज्य इ.स.पू. 37 मध्ये स्थापन झालं आणि इ.स. 668 मध्ये चीनचं तांग साम्राज्य व कोरियातलंच सिल्ला राज्य यांच्या युतीपुढे संपलं. ऐन भरात असताना आजचा उत्तर कोरिया, ईशान्य चीनचा मोठा भाग आणि दक्षिणेत आजच्या सोलच्या परिसरापर्यंतचा मुलूख त्याच्याकडे होता. एवढं मोठं राज्य, पण त्याने स्वतः लिहिलेला एकही इतिहासग्रंथ उरलेला नाही. त्याच्याविषयी जे वाचायला मिळतं ते चिनी बखरींत, किंवा राज्य बुडाल्यावर पाचेकशे वर्षांनी कोरियात लिहिलेल्या ग्रंथांत. त्यामुळे थडगी हाच कोगुर्योचा खरा दफ्तरखाना. चीन आणि कोरियात मिळून दहा हजारांहून अधिक थडगी सापडली आहेत. त्यांतल्या जेमतेम शंभरेक थडग्यांत भित्तिचित्रं आहेत.

शहरांची कहाणी वेगळी. वूनू हा पहिला गड चीनच्या लिआओनिंग प्रांतात, सुमारे 800 मीटर उंचीच्या उभ्या कड्यांच्या डोंगरावर आहे. त्यानंतरची राजधानी यालू नदीकाठी, जिलिन प्रांतातल्या आजच्या जीआन गावात. इथे जोडी होती. सपाटीवर ग्वोनेई हे तटबंदीचं शहर, आणि जवळच्या डोंगरात वानदूचा किल्ला. शांततेच्या काळात खाली राहायचं, शत्रू आला की वर जायचं. ‘घाटमाथ्यावर गड आणि पायथ्याशी पेठ’ ही रचना ज्यांच्या अंगवळणी पडली आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. वानदूच्या जळलेल्या महालाचे चौथरे आज उघडे पडलेले दिसतात. ग्वोनेईची पंचाईत अशी की त्या शहरावर जिवंत गाव वसलं आहे. प्राचीन तटाचे दगड राहत्या वस्तीत, इमारतींच्या पायाशी उभे. जागतिक वारशाच्या यादीसाठी अर्ज करताना चीनने तटाला आणि थडग्यांना खेटलेली घरं हलवली, जमीन मोकळी केली. अवशेषांना मोकळा श्वास मिळाला हे खरं. ज्यांची घरं गेली त्यांच्याविषयी माहितीफलक फारसे बोलत नाहीत.

जीआनजवळच ग्वांगेतो राजाची शिळा आहे. त्याचा मुलगा जांगसू याने 414 मध्ये ती उभारली. उंची सुमारे 6.4 मीटर, आणि चारही बाजूंना मिळून 1,775 च्या आसपास अक्षरं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती पुन्हा लोकांच्या नजरेत आली तेव्हा शेवाळाने झाकलेली होती. शेवाळ काढायला लोकांनी तिला आग लावली. दगड तडकला, कपचे उडाले. मग अक्षरांचे कागदी ठसे घेऊन विकणाऱ्यांची रांग लागली. ठसा सुबक उठावा म्हणून त्यांनी खड्ड्यांत चुना भरला आणि अंदाजाने अक्षरं नीट करून टाकली. 1880 च्या दशकात एका जपानी लष्करी अधिकाऱ्याने एक प्रत जपानला नेली. 391 सालाच्या नोंदीत ‘वा’ म्हणजे जपानी लोक समुद्र ओलांडून आले, असा उल्लेख आहे. त्या एका ओळीवरून जपानी आणि कोरियन अभ्यासक पिढ्यान्‌पिढ्या भांडले. जपानी सैन्यानेच शिळेत फेरफार केला, असा आरोप 1972 मध्ये झाला. चुना लागण्याआधीचे जुने ठसे ताडून पाहिल्यावर तो बराचसा ढिला पडला. साम्राज्याच्या कटापेक्षा गावातल्या ठसेवाल्यांच्या हातचलाखीने शिळेचं अधिक नुकसान केलं होतं. आज ती काचेच्या बंदिस्त मंडपात आहे.

तिच्या आसपास दगडी पायऱ्यांची थडगी आहेत. ‘सेनापतीची समाधी’ म्हणून ओळखलं जाणारं सात टप्प्यांचं थडगं घडीव ग्रॅनाइटचं असून त्याच्या तळाला बाजूंनी प्रचंड शिळांचे टेकू दिले आहेत. दगड बाहेर सरकू नयेत म्हणून केलेली ही सोय दीड हजार वर्षांनंतरही काम करते आहे. त्याहून कितीतरी मोठी असलेली ‘महाराजांची समाधी’ मात्र ढासळून खडीचा ढीग झाली. तिथे सापडलेल्या विटांवर ही समाधी पर्वतासारखी अढळ राहो अशी इच्छा कोरलेली आहे.

427 मध्ये राजधानी प्योंगयांगला गेली आणि थडग्यांचं रूपही बदललं. बाहेर मातीचा साधा उंचवटा, आत दगडी खोली, आणि खोलीच्या भिंती रंगवलेल्या. ही पद्धत राजधानी हलण्याआधीच तिकडे रुजलेली होती. 357 सालचा लेख असलेलं आनाक येथील तिसऱ्या क्रमांकाचं थडगं 1949 मध्ये सापडलं. त्यात स्वयंपाकघर आहे, मांस टांगलेली कोठी आहे, विहीर, तबेला, मल्लांची झोंबी आहे, आणि अडीचशेहून अधिक माणसांची मिरवणूकही. लेखात नाव आहे यानमधून पळून आलेल्या दोंग शोऊ या सरदाराचं. उत्तर कोरियाचे इतिहासकार म्हणतात, हा थाट निर्वासिताचा नव्हे. इथे गोगुकवोन राजाच पुरलेला आहे. लेखातलं नाव बाजूला सारायला एवढा आधार पुरेसा वाटत नाही, पण वाद अजून मिटलेला नाही.

तोखुंगरीच्या थडग्यातल्या अधिकाऱ्याला 408 साली पुरलं. लेखात त्याची ओळख शाक्यमुनीचा शिष्य अशी दिली आहे. अजिंठ्यातली वाकाटककालीन लेणी कोरायला अजून काही दशकं अवकाश होता, तेव्हा बुद्धाचं नाव यालूच्या पलीकडच्या थडग्यात पोचलेलं होतं. त्याच थडग्याच्या छतावर आकाशगंगेने वेगळे केलेले गुराखी आणि विणकरीण उभे आहेत.

ही चित्रं टिकली ती दार बंद होतं म्हणून. जमिनीखालच्या खोलीत तापमान आणि ओल वर्षभर जवळपास सारखी राहते. दार उघडलं की उन्हाळ्यातली गरम, दमट हवा आत शिरते आणि थंड दगडावर तिचं पाणी होतं. चुन्याचा गिलावा भिजतो, बुरशी धरते. हिवाळ्यात हवा कोरडी पडली की ओल सुकते आणि क्षार वर येऊन भिंतीला लोणा लागतो. रंगाचे पापुद्रे त्याच्यासोबत सुटतात. त्यात पाहुण्यांचा श्वास, दिव्यांची उष्णता, वरून घुसणारी झाडांची मुळं. काही थडग्यांत चित्रांपुढे काचा बसवल्या, तर काचेमागेही दव धरू लागलं. कांगसोच्या मोठ्या थडग्यात निळा ड्रॅगन, पांढरा वाघ, लाल पक्षी आणि सापाने वेढलेलं कासव थेट घासलेल्या ग्रॅनाइटवर रंगवले आहेत. तिथे गळून पडायला गिलावाच नाही. म्हणून तिथली चित्रं अजून एवढी ताजी दिसतात.

पैसा आणि यंत्रं असली की प्रश्न सुटतो, या समजुतीला जपानने उत्तर दिलं आहे. आसुका इथलं ताकामात्सुझुका थडगं 1972 मध्ये उघडलं. भिंतीवरच्या स्त्रियांचे पट्ट्यापट्ट्यांचे घागरे प्योंगयांगजवळच्या सुसानरी थडग्यातल्या स्त्रियांच्या घागऱ्यांशी इतके मिळतेजुळते की अभ्यासक थक्क झाले. थडग्याला हवा नियंत्रित करणारी यंत्रणा जोडली, प्रवेश बंद केला. तरी बुरशी पसरतच गेली आणि शेवटी 2007 मध्ये अख्खी दगडी खोली सुटी करून बाहेर काढावी लागली.

चोरांचा धोका निराळाच. 2000 च्या सुमारास जीआन परिसरातल्या चित्रित थडग्यांत शिरून चोरांनी भिंतीवरची चित्रं खरवडून नेली.

त्याच सुमारास युनेस्कोने दक्षिण कोरियाच्या पैशातून उत्तर कोरियातली थडगी जपण्याचा प्रकल्प हाती घेतला. दोन कोरियांमध्ये थेट मदत अवघड, म्हणून युनेस्कोचा हात. युनेस्कोच्या तज्ज्ञांनी आर्द्रता मोजली, सुसानरीत रंग घट्ट केले, स्थानिकांना शिकवलं. जपानी चित्रकार इकुओ हिरायामा यांनी या थडग्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळावा म्हणून वर्षानुवर्षं खटपट केली. 2004 मध्ये चीनमधल्याच सुझोऊ इथल्या बैठकीत कोगुर्योच्या दोन नोंदी एकाच वेळी झाल्या. चीनची नोंद तीन शहरं आणि 40 थडग्यांची, उत्तर कोरियाची 63 थडग्यांची. उत्तर कोरियाचा तो पहिला जागतिक वारसा.

मात्र त्याच वर्षी वादाने पेट घेतला. कोगुर्यो हे चीनमधल्याच एका अल्पसंख्याक समाजाचं प्रादेशिक राज्य होतं, असा सूर 2002 मध्ये सुरू झालेल्या चिनी संशोधन प्रकल्पातून निघत होता. सोलमध्ये निदर्शनं झाली, संशोधन संस्था निघाली. 2022 मध्येही बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयातल्या कोरियन इतिहासाच्या तक्त्यातून कोगुर्यो गळल्यावर दक्षिण कोरियाने निषेध नोंदवला. उत्तर कोरियाने तर त्याआधीच, 1993 मध्ये, कोगुर्योच्या संस्थापक राजाची समाधी भव्य, कोरी करकरीत बांधून काढली. तिच्यातलं जुनं शोधायला आज बारीक नजर लागते.

कोगुर्यो कोणाचं, हा वाद आणखी पन्नास वर्षं चालला तरी ग्रंथांचं काही बिघडणार नाही. भिंतींचं बिघडेल. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींना एकच ओल, एकच बुरशी आणि एकच लोणा लागतो, पण उपाय दोन वेगळ्या नोंदींखाली, दोन वेगळ्या सरकारांच्या मर्जीने होतात. 2006 मध्ये उत्तर आणि दक्षिण कोरियाच्या तज्ज्ञांनी प्योंगयांगजवळच्या थडग्यांत एकत्र उतरून पाहणी केली. असं काम चीनसह तिघांनी मिळून आणि दरवर्षी व्हायला हवं.