टीआर-८०८ ड्रम मशीनच्या ध्वनिपरिपथांतील फेरबदल : तत्त्व, पद्धती आणि मर्यादा

बीजसंज्ञा : ॲनालॉग परिपथ, अवमंदित दोलन, ड्रम मशीन, फीडबॅक, वाद्यजतन

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाद्य आणि यंत्र यांच्यातील सीमारेषा पुसट होत गेली. या स्थित्यंतराचे एक ठळक उदाहरण म्हणजे जपानमधील रोलँड कंपनीने १९८० मध्ये बाजारात आणलेले टीआर-८०८ हे ड्रम मशीन होय. कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या या यंत्राचे उत्पादन १९८३ मध्ये थांबले. तोपर्यंत सुमारे १२,००० यंत्रे तयार झाली होती. मार्विन गे यांचे 'सेक्शुअल हीलिंग' आणि आफ्रिका बंबाटा यांचे 'प्लॅनेट रॉक' या १९८२ च्या ध्वनिमुद्रणांमुळे त्याचा नाद जगभर पोहोचला. त्याच वर्षी मुंबईच्या चित्रपटसंगीतातील वादक चरणजित सिंग यांनी 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' या ध्वनिमुद्रिकेत रागांच्या सुरावटींना याच यंत्राच्या तालाची जोड दिली.

या यंत्राच्या अंतर्गत परिपथांत बदल करून नवे ध्वनी मिळविण्याची प्रथा संगीतकार व तंत्रज्ञ यांच्यात रूढ आहे. तथापि, मूळ यंत्रांची संख्या मर्यादित असल्याने प्रत्येक फेरबदल हा एका ऐतिहासिक वस्तूवरील हस्तक्षेपही ठरतो. असे फेरबदल कोणत्या तत्त्वावर शक्य होतात आणि त्यांची मर्यादा कोठे आखावी, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

साठविलेला ध्वनी आणि घडविलेला ध्वनी

१९८० मध्येच अमेरिकेत रॉजर लिन यांचे एलएम-१ हे ड्रम मशीन आले. त्यात प्रत्यक्ष वाद्यांचे ध्वनी अंकीय स्वरूपात साठविलेले होते. टीआर-८०८ मध्ये मात्र ध्वनी साठविलेला नसतो. प्रत्येक आघातागणिक तो रेझिस्टर, कपॅसिटर व ट्रान्झिस्टर यांच्या परिपथातून नव्याने घडतो. ११ ध्वनिपरिपथांमधून, त्यांपैकी पाचांवरील निवड-कळींच्या साहाय्याने, एकूण १६ ध्वनी मिळतात. ध्वनीचे गुणधर्म घटकांच्या मूल्यांवर अवलंबून असल्याने मूल्य बदलले की ध्वनीही बदलतो. फेरबदलाची सर्व शक्यता या एका वस्तुस्थितीत सामावलेली आहे.

बेस ड्रमचा परिपथ

या यंत्राचा सर्वाधिक परिचित ध्वनी बेस ड्रमचा आहे. त्याच्या मुळाशी ऑपरेशनल ॲम्प्लिफायरच्या फीडबॅक मार्गात जोडलेले 'ब्रिज्ड-टी' जाळे असते. त्यात दोन कपॅसिटर एकापुढे एक असतात. त्यांच्या मध्यबिंदूपासून एक रेझिस्टर भूमीकडे जातो, तर दुसरा दोन्ही कपॅसिटरांवरून पुलासारखा जोडलेला असतो. सुमारे एक मिलिसेकंदाचा विद्युत्स्पंद मिळताच हे जाळे, घंटेवर टोला पडावा तसे, निनादू लागते. भौतिकशास्त्राच्या परिभाषेत हे अवमंदित दोलन होय.

तत्त्व स्पष्ट होण्यासाठी सोयीची मूल्ये घेऊ. दोन्ही कपॅसिटर १५ नॅनोफॅरडचे, पुलाचा रेझिस्टर १ मेगओहमचा आणि भूमीकडील रेझिस्टर ४५ किलोओहमचा असल्यास वारंवारिता सुमारे ५० हर्ट्झ येते. वारंवारिता दोन्ही रेझिस्टरांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाशी व्यस्त प्रमाणात असते. म्हणून भूमीकडील रेझिस्टर एक चतुर्थांश, म्हणजे ११.२५ किलोओहम केल्यास वारंवारिता १०० हर्ट्झ होते आणि ध्वनी एक सप्तक वर चढतो.

येथे एक बाब विशेष लक्षणीय आहे. मूळ जाळ्यापुरता विचार केल्यास दोलन ओसरण्याचा कालांक हा पुलाचा रेझिस्टर व एक कपॅसिटर यांच्या गुणाकाराइतका असतो. वरील मूल्यांसाठी तो १५ मिलिसेकंद येतो. भूमीकडील रेझिस्टरचा त्यात अंतर्भाव नसल्याने तो बदलल्यास स्वराची उंची बदलते, परंतु कालांक कायम राहतो. मूळ यंत्रात बेस ड्रमसाठी स्वर जुळविण्याचा खटका नाही. या ठिकाणी बदलता रेझिस्टर बसविणे हा सर्वांत प्रचलित फेरबदल का ठरला, याचे उत्तर या गणितात आहे.

५० हर्ट्झच्या एका आवर्तनास २० मिलिसेकंद लागतात. १५ मिलिसेकंदांच्या कालांकाने हा ध्वनी पहिले आवर्तन पुरे होण्याआधीच बराचसा ओसरेल व केवळ 'धप्' एवढाच ऐकू येईल. प्रत्यक्षातील दीर्घ घुमारा बाहेर पडणाऱ्या संकेताचा काही अंश पुन्हा जाळ्याकडे वळविल्यामुळे मिळतो. यंत्रावरील 'डिके' खटका हेच प्रमाण ठरवितो. या मार्गातील रोध कमी केल्यास घुमारा आणखी लांबतो. मर्यादा ओलांडल्यास मात्र दोलन ओसरतच नाही आणि ड्रमच्या जागी अखंड स्वर ऐकू येतो.

परस्परावलंबी परिपथ

सर्वच फेरबदल इतके सुटसुटीत नसतात. झांज व हाय-हॅट यांच्या ध्वनीसाठी सहा चौरस-तरंग दोलकांचे मिश्रण गाळण्यांतून पुढे पाठविले जाते. त्यांपैकी दोन दोलक काउबेलसाठीही वापरले जातात. त्यांची वारंवारिता सुमारे ५४० व ८०० हर्ट्झ असते. हे गुणोत्तर सुमारे १.४८ येते. षड्ज-पंचमाच्या ३:२ या गुणोत्तराच्या ते जवळ असले, तरी तंतोतंत जुळत नाही. काउबेलच्या किंचित कर्कश नादाचे एक कारण या अंतरात शोधता येते. मात्र काउबेल शुद्ध पंचमात जुळविण्यासाठी हे दोलक बदलल्यास झांज व हाय-हॅट यांचा पोतही बदलतो. म्हणूनच फेरबदलापूर्वी संपूर्ण परिपथाचे वाचन आवश्यक ठरते.

मर्यादा व जतनाचा प्रश्न

'८०८' या २०१५ च्या माहितीपटात काकेहाशी यांनी या यंत्राच्या विशिष्ट सळसळत्या नादाचे श्रेय सदोष ट्रान्झिस्टरांना दिले आहे. उत्पादनतंत्र सुधारल्यावर तसे ट्रान्झिस्टर मिळेनासे झाले आणि यंत्राचे उत्पादनही थांबले, असे त्यांचे प्रतिपादन होते. अशा यंत्रातील मूळ घटक एकदा काढून टाकला, की तो परत मिळविणे दुरापास्त होते.

याची दुसरी बाजूही विचारात घ्यावयास हवी. वाद्य हे वाजविण्यासाठी असते आणि वादकाने त्यात आपल्या गरजेनुसार बदल करणे ही जुनी परंपरा आहे. त्यामुळे फेरबदलास सरसकट विरोध करण्यापेक्षा काही पथ्ये पाळणे श्रेयस्कर ठरते. बदल पूर्ववत करता येण्याजोगा असावा, पेटीस नवी छिद्रे पाडू नयेत, काढलेले घटक जपून ठेवावेत आणि प्रत्येक बदलाची लेखी नोंद यंत्रासोबत राहावी.

शिवाय आता पर्यायही उपलब्ध आहेत. कर्ट जेम्स वर्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये बेस ड्रम परिपथाचे असे अंकीय प्रतिमान मांडले, की ज्यात घटकमूल्ये बदलून फेरबदलांचे परिणाम ऐकता येतात. बेरिंगर कंपनीने २०१९ मध्ये आरडी-८ ही ॲनालॉग प्रतिकृतीही बाजारात आणली. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत तर एक ऑपरेशनल ॲम्प्लिफायर, दोन कपॅसिटर व मोजके रेझिस्टर ब्रेडबोर्डवर जोडून वरील गणिताचा पडताळा घेता येतो. त्यासाठी मूळ यंत्राची आवश्यकता नाही.

निष्कर्ष

टीआर-८०८ मधील ध्वनी घटकांच्या मूल्यांतून घडत असल्यामुळेच तो बदलता येतो. बेस ड्रमचा स्वर स्वतंत्रपणे हलविता येतो, तर काउबेलमधील बदल अन्य ध्वनींपर्यंत पोहोचतो. हा भेद परिपथाच्या अभ्यासाविना कळत नाही. प्रयोग प्रतिकृतीवर अथवा प्रतिमानावर करावेत आणि मूळ यंत्रात केवळ पूर्ववत करता येणारे बदल करावेत. असा विवेक राखल्यास नवनिर्मिती व जतन ही दोन्ही उद्दिष्टे एकत्र साधता येतील.